तांब्यातली मेणबत्ती

मला अटक झाली नव्हती. हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो, कारण आमच्या सटाण्यात ही गोष्ट ज्या कोणी पसरवली, त्याने "देवरे सरांना नाशिकला पोलिसांनी धरलं" एवढंच पसरवलं आणि मेणबत्तीचा भाग गाळला. मला धरलं नव्हतं. मला चौकीत बसायला खुर्ची दिली होती, तीही पंख्याखाली. धरलेल्या माणसाला पंखा लावत नाहीत.

झालं ते असं. १९९८ चा मे महिना, शाळेला सुट्टी. मी तेवीस वर्षं हायस्कूलात विज्ञान शिकवत होतो, त्यामुळे सुट्टीत काय करायचं ते मला कळत नसे आणि सुट्टीत माझं काय करायचं ते आमच्या मंगलाला कळत नसे. शेवटी तिनेच ठरवलं की नाशिकला तिच्या भावाकडे दोन दिवस जायचं आणि नाशिक नीट बघायचं. भाऊ म्हणजे ज्ञानेश, सातपूरला कारखान्यात सुपरवायझर. त्याने इंदिरानगरात नवीन फ्लॅट घेतला होता. शेजारच्या भागीबाईंनी निघताना बजावलं, "सर, पांडवलेणीच्या पायऱ्या मोजू नका, दम लागतो." मी त्या मोजायच्याच असं तिथल्या तिथे ठरवलं.

पण पांडवलेणी राहिली बाजूला. ज्ञानेशची बायको शुभांगी हिने सकाळी चहाबरोबर बातमी दिली की मखमलाबादकडे एका मळ्यात मेणबत्त्या शिकवतात. एक दिवसाचा वर्ग. खास बाहेरगावच्या लोकांसाठी. बाहेर पाटीच लावली आहे: 'साहित्य आमचं, हात तुमचे.'

"आपण जायचं," मंगला म्हणाली.

"मेणबत्ती दुकानात मिळते," मी म्हणालो.

"पांडवलेणीचा फोटोही दुकानात मिळतो," ती म्हणाली. ज्ञानेश पेपरामागे हसला. मी तडजोड म्हणून कबूल केलं की सोबत येईन, पण बाहेर झाडाखाली बसेन. विज्ञान शिक्षकाने मेणबत्ती करायला शिकणं म्हणजे पोस्टमास्तरने पाकीट चिकटवायला शिकण्यासारखं आहे. मेणबत्तीचं जळणं या एका विषयावर मी तेवीस वर्षांत किमान हजार मुलांकडून परिच्छेद लिहून घेतलेत.

मळा गुलाबाचा होता. नवसाबाई नावाच्या पन्नाशीच्या बाई वर्ग घेत होत्या. घराण्याचा धंदा फुलांचा, पण एका वर्षी बाजारात गुलाबाला कोणी विचारेना, तेव्हा त्यांनी मेणाचे गुलाब करायला सुरुवात केली. "मेणाचा गुलाब सुकत नाय," एवढंच त्यांचं म्हणणं. पत्र्याच्या शेडमध्ये दहा-बारा बाया बसल्या होत्या. कोणी जळगावच्या, कोणी पुण्याच्या, सगळ्या नाशिक बघायला आलेल्या. कोमट मेणाची पातळ पोळी लाटायची, तिच्या पाकळ्या कापायच्या आणि बोटांनी वळवत वळवत वातीभोवती चिकटवायच्या. नवसाबाईंच्या हातात अर्ध्या मिनिटात गुलाब उमलत होता. सातवीत शाळा सोडलेल्या बाईला पाकळीचा प्रत्येक बाक ठाऊक होता.

मी झाडाखाली बसलो होतो. खरंच बसलो होतो. पण नवसाबाईंनी वितळलेल्या मेणात करंगळी बुडवून "झालं, आलं बेतात" असं जाहीर केलं आणि मला राहवलं नाही.

"बाई, तापमान बोटाने मोजत नाहीत," मी शेडच्या दारातून म्हणालो. "पॅराफिन साधारण अठ्ठावन्न अंशाला वितळतं. थर्मामीटर पाहिजे."

सगळ्या बायांनी मान वळवली. मंगलाने वळवली नाही. तिने डोळे मिटले.

"मास्तर का?" नवसाबाईंनी विचारलं.

"हो. कसं ओळखलंत?"

"उगं आपलं." त्यांनी पाट सरकवला. "या, बसा. तुम्ही करून दाखवा एक. आम्ही बी शिकू."

असं म्हटल्यावर कुठला शिक्षक झाडाखाली परत जाईल? मी बाह्या सरसावल्या. गुलाबबिलाब करणार नाही असं आधीच सांगून टाकलं. मेणबत्ती उजेडासाठी असते, तेव्हा मी एक मोठी, जाड, शास्त्रशुद्ध मेणबत्ती ओतणार होतो. वजन, व्यास, जळण्याचा वेग, सगळं हिशेबात. साचा हवा होता. नळाजवळ एक घसघशीत पितळी तांब्या दिसला. मी तो उचलला.

"मास्तर, तो माझ्या लग्नातला हाय," नवसाबाई म्हणाल्या. "आन् मान बघा. मान."

मी मान वर-खाली करून बघितली. जरा अवघडली होती. "ठीक आहे," मी म्हणालो.

बाया एकमेकींकडे बघत होत्या. जळगावच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, शास्त्रीय पद्धतीचा दरारा. मी त्यांना समजावत होतो की मेण थंड झालं की आकसतं, भांड्यापासून सुटतं आणि साचा उपडा केला की मेणबत्ती आपोआप बाहेर येते. हे शंभर टक्के बरोबर आहे, आजही बरोबर आहे. फक्त तांब्याचं पोट केवढं आणि तोंड केवढं, या एका बाबीचा माझ्या विवेचनात समावेश नव्हता.

मेण ओतलं. गुलाबी रंग टाकला होता, दिसायला सुरेख. आडवी पेन्सिल ठेवून तिला वात बांधली. आता किती मिनिटांत गोठतं ते मोजायला मी मनगटावरचं घड्याळ सोडून हातात धरलं. घड्याळ सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, चावीचं, स्टीलच्या पट्ट्याचं. माझ्या बोटांना मेण लागलं होतं. मेण निसरडं असतं, हेही मी मुलांना शिकवलेलं आहे.

डुबुक असा आवाज झाला.

घड्याळ जाताना पेन्सिल आणि वातही घेऊन गेलं. मी तांब्यात डोकावलो. गुलाबी पृष्ठभाग गोल गोल हलत होता आणि मग तोही हलायचा थांबला.

"हाई काय शे?" मंगला म्हणाली. ती अहिराणीवर आली की मी गप्प बसतो.

"काढा ना पटकन बाहेर!" पुण्याच्या एक बाई ओरडल्या. मी बोटं घातली आणि तितक्याच पटकन काढली. अठ्ठावन्न अंश म्हणजे काय, हे मला तेवीस वर्षांत प्रथमच समजलं. चिमटा शोधेपर्यंत वर साय धरली आणि पळी मिळेपर्यंत खालपर्यंत घट्ट झालं. नवसाबाई म्हणाल्या, "थांबा, परत ऊन करू, सुटंल." मी हात आडवा केला. घड्याळात तेल असतं, स्प्रिंग असते. पुन्हा तापवलं तर यंत्र कायमचं जाईल. एकदा तापलं ते पुष्कळ झालं. आता उष्णता नको, असं मी निक्षून सांगितलं. मग तांब्याला कान लावला. आतून, खोलवरून, अगदी व्यवस्थित आवाज येत होता. टिक. टिक. टिक.

"चालू आहे!" मी ओरडलो. सगळ्या बायांनी पाळीपाळीने कान लावला. एखाद्या डोहाळजेवणाला आल्यासारखं वातावरण झालं.

"न्या तांब्या," नवसाबाई म्हणाल्या. "पण माझ्या मामानं दिलेला हाय, नाव घातलंय त्यावर. कापायचा नाय, ठोकायचा नाय. जसा हाय तसा परत पायजे."

इंदिरानगरात पोचेपर्यंत आमच्याबरोबरच आलेल्या शुभांगीने ही बातमी अख्ख्या बिल्डिंगला कशी दिली, ते कोडं मला सुटलेलं नाही. तिच्याकडे फोनसुद्धा नव्हता. संध्याकाळी दिवाणखान्यात सात-आठ माणसं जमली आणि मधोमध टीपॉयवर तांब्या. तळमजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर म्हणाले, फ्रिजमध्ये ठेवा. समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंचं म्हणणं, खोबरेल तेल सोडा. एक गृहस्थ फक्त बघायला आले होते. तेही जाताना म्हणाले की आमच्या मेव्हण्याच्या बाबतीत असंच झालं होतं, पण त्याची अंगठी होती आणि ते गुलाबजाम होते.

फ्रिजमध्ये ठेवला. रात्रभरात मेण खरोखर आकसलं आणि सकाळी तांब्यात सुटं झालं. माझं शास्त्र सिद्ध झालं! गोळा आत मोकळेपणाने फिरत होता, हलवला की खडखडत होता, फक्त बाहेर येत नव्हता. मी तो उपडा धरून पाच मिनिटं हलवत होतो.

"दाजी," ज्ञानेश हळूच म्हणाला, "तोंड लहान आहे."

तेव्हा मला नवसाबाई कोणाच्या मानेबद्दल बोलत होत्या ते कळलं.

त्याच दिवशी दुपारी चारच्या गाडीने परत जायचं होतं. सकाळी मी तांब्या घेऊन मेन रोडला एका घड्याळजीकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावलं, तांब्यात बघितलं, भिंग काढलं. "मी घड्याळं दुरुस्त करतो, भांडी नाही," तो म्हणाला. "घड्याळ काढून आणा, मग बघतो." तिथून भांडी बाजारात गेलो. तिथल्या कारागिराने तांब्या बोटांनी वाजवून बघितला, खूश झाला, म्हणाला जुनं काम आहे. मग कान लावला आणि तांब्या परत केला. "मी भांडी बघतो, घड्याळं नाही. आतलं काढून आणा." मी दोघांची भेट घालून द्यायचाही विचार केला, पण घड्याळजी दुकान सोडून यायला तयार नव्हता आणि कारागीर म्हणाला की घड्याळजीकडे बसायला जागा नाही. भर उन्हात या दोन दुकानांमध्ये मी तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला रस्त्यावरचा एक रसवाला मला "या, तांब्यावाले" म्हणाला. तेवीस वर्षं ज्याला लोक उठून 'सर' म्हणतात त्या माणसाला हे ऐकावं लागलं.

शेवटी ठरलं, तांब्या सटाण्याला न्यायचा आणि तिथे निवांत विचार करायचा. साडेतीनला ज्ञानेशने आम्हाला सीबीएस बसस्टँडवर सोडलं. मंगला चिवडा आणायला गेली. मी बाकावर बसलो, शेजारी कापडी पिशवीत तांब्या. पलीकडे एक म्हातारबाबा बसले होते, पेठच्या गाडीची वाट बघत. चारची गाडी लागेना म्हणून मी चौकशीच्या खिडकीकडे गेलो. पिशवी बाकावरच राहिली. खिडकीवर मोठी रांग, आणि आतले गृहस्थ एकेका माणसाला "फलाटावर बघा" एवढंच सांगत होते, पण ते सांगायला प्रत्येकी तीन मिनिटं घेत होते.

परत वळतो तर फलाटावर हा घोळका. माणसं टाचा उंच करून बघतायत.

"काय झालं?" मी एकाला विचारलं.

"बेवारस पिशवी. आत टिकटिक वाजतंय."

तो काळ तसा होता. मुंबईत बाँबस्फोट होऊन पाच वर्षं झाली होती, स्टँडवर बेवारस वस्तूंबद्दल सारखी सूचना होत असे. माझ्यातला शिक्षक जागा झाला. समोर एवढा वर्ग आणि शिकवायला कोणी नाही, हे मला बघवत नाही.

"मागे व्हा!" मी आवाज चढवला. "सगळे वीस पावलं मागे! कोणीही हात लावायचा नाही!"

लोक सरकले. मला जोर चढला.

"अशा यंत्रात घड्याळ असतं," मी समजावून सांगू लागलो. "वेळ आधी लावून ठेवलेली असते. बाहेरून वस्तू साधी दिसते. डबा, ट्रान्झिस्टर, एखादं भांडंसुद्धा! घरगुती वाटावी अशीच निवडतात. ठेवणारा माणूस काहीतरी निमित्त काढून उठून जातो."

"बरोबर!" ते म्हातारबाबा ओरडले. "एक माणूस हितं बसला व्हता. चष्मेवाला. उठून गेला. मी म्हटलं, पिशवीवर डोकं टेकून जरा पडू, तर आत टिकटिक!"

"बघा!" मी म्हणालो. "चष्मेवाला. शिकलेला असणार. अशी माणसं शिकलेलीच असतात."

"साहेब, तुम्हाला बरीच माहिती," कोणीतरी म्हणालं.

"मी विज्ञान शिकवतो," मी म्हणालो आणि चष्मा सारखा केला. तेवढ्यात गर्दी फाकली आणि मला पिशवी दिसली. पिवळी पिशवी. तिच्यावर लाल अक्षरांत आमच्या सटाण्याच्या कापड दुकानाचं नाव.

आणि नेमकी त्याच क्षणी मागून मंगला, दोन्ही हातांत चिवड्याचे पुडे, अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, आपली पिशवी अशी टाकून तुम्ही इथे भाषण काय देताय?"

म्हातारबाबांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "ह्योच," ते म्हणाले.

यानंतर आलेल्या हवालदारांच्या छातीवर गोटीराम असं नाव होतं. भारदस्त माणूस. त्यांनी पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उचला. चौकीकडे चला. तुम्ही पुढे, मी मागे." मी चालू लागलो. मागे वळून बघितलं तर हवालदार बरेच मागे होते. त्यांच्याही मागे साक्षीदार म्हणून म्हातारबाबा, आणि सगळ्यात मागे चिवडा घेऊन मंगला, जणू आमची ओळखच नाही.

चौकीत मला ती पंख्याखालची खुर्ची मिळाली. तांब्या टेबलावर. हवालदारांनी लांबून कान लावला.

"आत काय आहे?"

"मेणबत्ती."

"वाजतंय ते?"

"मेणबत्तीतलं घड्याळ."

"मेणबत्तीत घड्याळ कशाला?"

"पडलं."

हवालदार लिहायचे थांबले. त्यांनी तांब्या फिरवून नाव वाचलं. "ही नवसाबाई कोण?"

"तांब्या त्यांचा आहे. मेणही त्यांचंच."

"आणि घड्याळ?"

"माझ्या वडलांचं," मंगला कोपऱ्यातून म्हणाली.

"भांडं एका बाईचं, मेण तिचंच, घड्याळ सासऱ्यांचं," हवालदारांनी बोटांवर मोजलं. "मग यात तुमचं काय, सर?"

मी बराच विचार केला. "पद्धत," मी म्हणालो.

"मेणबत्ती आहे ना? मग पेटवा. पेटली की सोडतो." त्यांनी काडेपेटी पुढे केली. मी तांब्यात बघितलं. गुलाबी, गुळगुळीत, आणि वातीचा पत्ता नाही. वात घड्याळाबरोबर तळाशी. जिला पेटवताच येत नाही अशा वस्तूला मुलांनी उत्तरपत्रिकेत मेणबत्ती म्हटलं असतं तर मीही शून्य दिलं असतं. बाहेर चारची सटाणा गाडी हॉर्न वाजवत निघून गेली.

"घड्याळ प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मला पुढे काही लिहिता येत नाही," हवालदार म्हणाले. "साहेब फेरीवर गेलेत, ते यायच्या आत आटपू."

शेजारच्या चहावाल्याला बोलावलं. त्याने प्रकरण ऐकलं, तांब्या काखेत मारला आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून दिला. मी उठलो. उष्णतेने स्प्रिंगवर होणारे परिणाम मी सांगणार होतो. मंगलाने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. मी बसलो.

दहा मिनिटं लागली. दोन दिवस, एक फ्रिज, खोबरेल तेल, घड्याळजी, कारागीर, आणि लागली दहा मिनिटं. चहावाल्याने मेण मोठ्या भांड्यात ओतलं, गाळणीत गुलाबी घड्याळ आलं, वात आणि पेन्सिलही आली. हवालदारांनी घड्याळ फडक्याने पुसून कानाला लावलं. चालू होतं. वेळसुद्धा बरोबर! मंगलाने ते त्यांच्या हातून घेतलं आणि स्वतःच्या मनगटात चढवलं. मला विचारलं नाही. पट्टा तिला फार मोठा होता, तरी कोपरापर्यंत सरकवून तिने तो घट्ट बसवला. मग ती हसायला लागली. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग हवालदार, मग म्हातारबाबा, मग मी. इतकं हसलो की चहावाला "आणखी काय निघालं?" म्हणून धावत आला.

तांब्या धुऊन पुसून लख्ख झाला. उद्या नवसाबाईंकडे पोचवू, असं मंगलाने परस्पर ठरवून टाकलं. राहिलं ते मेण, भांडंभर, वितळलेलं.

"टाकून देऊ?" चहावाल्याने विचारलं.

"टाकायचं?" हवालदार दचकले. "पंचनाम्यात लिहिलंय ते. गुलाबी मेण, एक तांब्याभर."

मी मेणाकडे बघितलं. मग टेबलावर रिकामे पडलेले चहाचे ग्लास बघितले. खाली निमुळते, तोंडाशी रुंद. या खेपेला मी आधी तोंड बघितलं. "हवालदार, सहा ग्लास द्या," मी म्हणालो. "आणि सुती दोरा असेल तर बघा."

दोरा होता. फायली बांधायचा, पांढरा, मजबूत. मंगलाने तो कापून दिला, हवालदारांनी प्रत्येक ग्लासावर आडवं पेन ठेवून गाठ मारली, आणि म्हातारबाबांनी, ज्यांची पेठची गाडी केव्हाच गेली होती, ते दोरे मधोमध सरळ धरून ठेवले. मी मेणात करंगळी बुडवली. "आलं बेतात," मी म्हणालो आणि ओतलं. सहा ग्लासांत सहा गुलाबी मेणबत्त्या काठाकडून हळूहळू पांढुरक्या होत होत्या, आणि आम्ही पाचजण टेबलावर ओणवून श्वास रोखून बघत होतो.

दारात बूट वाजले. साहेब आले होते. त्यांनी टेबल बघितलं, ग्लास बघितले, दोरा धरून उभे म्हातारबाबा बघितले, कोपरात घड्याळ घातलेली बाई बघितली.

"काय चाललंय हे?"

हवालदार गोटीराम ताडकन उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

"साहेब," ते म्हणाले, "पुरावा गोठतोय."